विषाचे स्फटिक, यंत्राचे हात

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलला खर्डीनंतर उंबरमाळी लागते. पुढे कसारा, आणि मग थळ घाट. रुळांच्या दोन्ही अंगांना भातखाचरे आहेत आणि त्यांच्या पलीकडे तानसा-भातसाच्या खोऱ्यातले रान. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग ही चार नावे लहान पोरांनाही ठाऊक असतात. साप चावतो तो लावणीच्या चिखलात, कापणीच्या वेळी, पेंढा उचलताना आणि रात्री भुईवर झोपलेले असताना. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले होते.

अशा मुलखात बसून प्रथिनांच्या स्फटिकीकरणाचा आढावा घ्यायचा, तर त्याला कारण हवे. कारण असे की सापाचे विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण. त्यातले एखादे प्रथिन रक्त गोठू देत नाही, दुसरे स्नायू कुजवते, तिसरे नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवते. आपल्याकडे त्यावर दिले जाणारे औषध आजही घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे हेच आहे. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण विषातले नेमके कोणते प्रथिन कुठे पकडायचे हे ठरवून औषध घडवायचे, तर त्या प्रथिनाचा आकार अणूअणूने माहीत हवा. तो आकार कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग गेली साठ-पासष्ट वर्षे क्ष-किरण स्फटिकशास्त्र हाच राहिला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये टी. पी. सिंग यांच्या गटाने घोणशीच्या आणि फुरशाच्या विषातल्या फॉस्फोलायपेज ए-२ या विकराच्या रचना याच मार्गाने उलगडल्या.

या मार्गावर एक जुनी अडचण आहे. एका रेणूवरून क्ष-किरण इतके क्षीण विखुरतात की त्यातून काही वाचता येत नाही. लाखो कोटी रेणू एकाच शिस्तीत रचले गेले, म्हणजे स्फटिक झाला, तरच चित्र उमटते. मीठ सहज स्फटिक होते, कारण त्याचे घटक लहान आणि गोल. प्रथिन मोठे असते, वेडेवाकडे असते, त्याची टोके हलती असतात आणि दोन रेणूंना एकमेकांना धरायला पृष्ठभागावर मोजक्याच जागा असतात. ते कोणत्या द्रावणात, किती आम्लतेला, कोणत्या तापमानाला रांगेत बसेल हे आधी सांगणारा सिद्धान्त आजही नाही. म्हणून शोधायचे. आणि शोधायचे म्हणजे पुष्कळ वेळा करून पाहायचे.

या शोधाची सुरुवात योगायोगांनी झाली. १८४० मध्ये ह्यूनेफेल्ड या जर्मन रसायनज्ञाने गांडुळाचे रक्त दोन काचांमध्ये दाबून ठेवले. ते हळूहळू सुकले आणि त्यात हिमोग्लोबिनचे लाल पत्रे दिसले. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी एका जातीच्या घेवड्यातून युरिएज हा विकर स्फटिकरूपात मिळवला. विकर म्हणजे प्रथिनच, हे त्यामुळे ठरले, आणि १९४६ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनच्या ज्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकले, ते स्वीडनमध्ये जॉन फिलपॉट स्कीइंगला गेलेले असताना शीतकपाटात आपोआप वाढलेले होते. त्या दोघांनी एक मोलाची गोष्ट ओळखली: प्रथिनाचा स्फटिक ज्या द्रावणात वाढला, त्याच द्रावणात ओला ठेवला तरच तो शाबूत राहतो. त्याचा जवळजवळ निम्मा भाग पाणीच असतो.

पुढची चार-पाच दशके हे काम हाताने चालले, आणि त्याची रीत आजच्या यंत्रांनीही बदललेली नाही. म्हणून ती आधी सांगतो. शुद्ध केलेल्या प्रथिनाचा एक थेंब घ्यायचा. त्यात तितकेच एखादे द्रावण मिसळायचे, ज्यात मीठ किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, एक बफर आणि एखादा जोड-पदार्थ असतो. हा थेंब काचेच्या चकतीवर उलटा टांगायचा. खाली खळग्यात त्याच द्रावणाचा मोठा साठा ठेवायचा आणि कडा ग्रीसने बंद करायच्या. थेंबातले पाणी वाफेच्या वाटेने साठ्याकडे जाते, थेंब आटतो, प्रथिन दाट होत जाते. दाटपणा कमी पडला तर थेंब स्वच्छच राहतो. फार झाला तर प्रथिन गाळ होऊन बसते. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, जिथे बीज पडते, आणि त्याच्याही अलीकडे एक पट्टा, जिथे नवे बीज पडत नाही पण पडलेले वाढते. सगळी कला या दोन पट्ट्यांत थेंब आणून ठेवण्याची.

आता हिशेब करून पाहू. समजा वीस प्रकारची क्षार-बहुवारिके, प्रत्येकाच्या पाच तीव्रता, आम्लतेच्या आठ पायऱ्या, वीस जोड-पदार्थ आणि तीन तापमाने. गुणाकार ४८,०००. दर थेंबाला एक मायक्रोलिटर प्रथिन, मिलिलिटरमागे दहा मिलिग्रॅम दाटीचे, असे धरले तर ४८० मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन लागेल. फुरशाकडून एका वेळी मिळणारे विष वाळवल्यावर काही मिलिग्रॅमच भरते, आणि त्यातले आपल्याला हवे ते प्रथिन हा आणखी लहान वाटा. सगळे करून पाहणे हा पर्याय कधीच नव्हता. स्वयंचलनाचा इतिहास मला म्हणूनच दोन वेगळ्या प्रश्नांचा वाटतो. कमीत कमी प्रयोगांत शक्यतांचे मोठे रान कसे तुडवायचे, हा एक. प्रत्येक प्रयोग कमीत कमी मालात कसा करायचा, हा दुसरा. पहिला बुद्धीचा आहे, दुसरा यंत्राचा. यंत्राच्या बाजूने आपण फार पुढे आलो. बुद्धीच्या बाजूने तेवढे नाही.

पहिल्या प्रश्नाला १९७९ मध्ये कार्टर आडनावाच्या दोन संशोधकांनी संख्याशास्त्राचे उत्तर दिले: सगळ्या जोड्या न करता, प्रत्येक घटक इतर घटकांबरोबर संतुलितपणे येईल असे थोडेच प्रयोग निवडायचे. १९९१ मध्ये जानकारिक आणि किम यांनी वेगळाच मार्ग धरला. तोवर ज्या ज्या परिस्थितींत प्रथिने स्फटिक झाली होती, त्यांतून निवडून त्यांनी पन्नास द्रावणांचा संच बांधला. हा संच बाजारात तयार मिळू लागला आणि जगभरच्या प्रयोगशाळांचा दिनक्रम बदलला. ‘स्क्रीन लावणे’ आणि ‘हिट मिळणे’ हे शब्द आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही बसले. मला या संचाचे महत्त्व मान्य आहे, पण त्यातला कलही दिसतो. तो भूतकाळातल्या यशांचा संच आहे. जी प्रथिने आधी सहज स्फटिक झाली, त्यांच्या आवडीनिवडी तो पुढच्यांवर लादतो. त्याच द्रावणांत पुन्हा यश आले की ती द्रावणे आणखी लोकप्रिय होतात, आणि रानाचा जो भाग कुणी पाहिलाच नाही, तो तसाच राहतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रांनी दिले आणि ते खरोखर विस्मयकारक आहे. १९९० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात नाओमी चायेन, शॉ स्टुअर्ट आणि डेव्हिड ब्लो यांनी तेलाखाली सूक्ष्म थेंब सोडणारी स्वयंचलित पद्धत मांडली. तेलामुळे थेंब सुकत नाही, म्हणून तो लहान करता येतो. २००० च्या सुमारास अमेरिकेत मोठे सरकारी रचना-प्रकल्प सुरू झाले, आणि थेंब मायक्रोलिटरवरून नॅनोलिटरवर आला. मॉस्किटो नावाचा रोबो सुयांच्या लांब पट्टीवरच्या एकेका सुईने शंभर नॅनोलिटरचे, हवे तर त्याहूनही लहान थेंब ठेवतो. ९६ खळग्यांची प्लेट काही मिनिटांत लागते. पुढे ध्वनिलहरींच्या धक्क्याने, काहीही न शिवता, अडीच नॅनोलिटरचा थेंब उडवणारी यंत्रेही आली. मघाच्या हिशेबात हे बसवा. ९६ प्रयोगांना हाताने जवळजवळ एक मिलिग्रॅम प्रथिन लागायचे. शंभर नॅनोलिटरने ते दहाव्या हिश्शावर येते. ज्यांचा माल सापाच्या दातातून येतो, त्यांच्यासाठी हा फरक प्रयोग होणे आणि न होणे यांतला आहे.

पण लहान थेंबाचे नियम मोठ्या थेंबासारखे नसतात. आकारमान घटले की पृष्ठभागाचे प्रमाण वाढते. थेंब लवकर आटतो, खोलीतल्या हवेची आर्द्रता बाधते, बीज पडण्याची संधी कमी होते, आणि मिळालेला स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नॅनोलिटरमध्ये सापडलेली परिस्थिती मायक्रोलिटरमध्ये जशीच्या तशी चालेल याची खात्री नाही. आता सिंक्रोट्रॉनवरचा क्ष-किरणांचा झोत इतका बारीक करता येतो की काही मायक्रॉनचा स्फटिकही चालतो, म्हणून ही अडचण निम्मी सुटली आहे.

बफेलोच्या हॉप्टमन-वुडवर्ड संस्थेने २००० पासून जे चालवले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत उदार काम वाटते. त्यांनी १,५३६ खळग्यांच्या प्लेटवर, तेलाखाली, २०० नॅनोलिटर प्रथिन आणि तितकेच द्रावण अशी चाचणी बसवली आणि बाहेरच्या प्रयोगशाळांसाठी ती खुली केली. नमुना कुरियरने पाठवायचा. ते प्लेट लावतात, आठवडेच्या आठवडे ठरावीक वेळाने तिची छायाचित्रे घेतात आणि पाठवतात. यंत्र विकत घ्यायची ऐपत नसलेल्या गटालाही त्यामुळे पंधराशे प्रयोग करता आले. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओने मेलबर्नला अशाच सामायिक केंद्राची वाट धरली.

पंधराशे खळगे म्हणजे पंधराशे चित्रे, आणि तीही पुन्हा पुन्हा. ती पाहायची कुणी? बहुतेक थेंब स्वच्छ असतात किंवा गाळाने भरलेले. मधूनच सुयांचा झुपका, तेलाचे गोळे, धुळीचा कण, एखादा तंतू. कधी लखलखीत कडा असलेला सुंदर स्फटिक दिसतो आणि क्ष-किरणाखाली तो मीठ निघतो, कारण द्रावणातला फॉस्फेट कॅल्शियमला भेटलेला असतो. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांना ही निराशा ठाऊक आहे. म्हणून अतिनील प्रकाशात प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनची चमक पाहून प्रथिन आणि मीठ वेगळे करणारे कॅमेरे आले. चित्र ओळखण्याचे काम संगणकाकडे द्यायचे प्रयत्न खूप जुने आहेत, पण खरी उडी २०१८ मध्ये पडली. पाच संस्थांनी आपली छायाचित्रे एकत्र केली, ती जवळजवळ पाच लाख भरली, आणि गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी मार्को हे प्रारूप शिकवले. स्फटिक, गाळ, स्वच्छ आणि इतर अशा चार वर्गांत ते सुमारे ९४ टक्के अचूक ठरले. मुद्दा असा की अल्गोरिदम तेव्हा आधीच उपलब्ध होता. नवे होते ते पाच संस्थांनी आपले गाळ आणि आपली अपयशे एकमेकांसमोर ठेवणे. त्यांत औषध कंपन्याही होत्या.

एवढ्या प्रयोगांतून शिकायला काय मिळाले? थर्मोटोगा मॅरिटिमा या उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूच्या प्रथिनांवर कॅलिफोर्नियात ३ लाख २० हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि त्यांचे विश्लेषण २००३ मध्ये आले. निष्कर्ष असा की जी प्रथिने सहज स्फटिक होतात, ती सगळी ओळखायला मूळ द्रावणांतली २३ टक्केच पुरली असती. बाकीचे खळगे तीच गोष्ट पुन्हा सांगत होते. आणि जे प्रथिन ढोबळ चाचणीत स्फटिक झाले, ते पुढच्या काळजीपूर्वक फेरीतही जवळजवळ नेहमी झाले. म्हणजे स्फटिक होणे हा बराचसा प्रथिनाचाच गुण आहे. द्रावणांची यादी वाढवत नेण्यापेक्षा प्रथिन बदलणे अधिक फळते: हलणारी टोके कापणे, पृष्ठभागावरची लांब लवचिक अमिनो आम्ले बदलून लहान ठेवणे, किंवा त्याला घट्ट धरणारा एखादा रेणू सोबत देणे. २०२० नंतर प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रारूपाने इथे मोठी मदत केली, कारण कोणता भाग ताठ आणि कोणता सैल, याचा अंदाज आता प्रयोगाआधीच येतो. अल्फाफोल्ड आल्यावर स्फटिक कशाला, असे विचारले जाते. औषधाचा लहानसा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसला, हे अणूच्या अचूकतेने पाहायला आजही बहुतेकदा स्फटिकाकडेच जावे लागते. २०२० मध्ये इंग्लंडच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर कोरोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजच्या (प्रथिने तोडणाऱ्या विकराच्या) स्फटिकांत १,२०० हून अधिक लहान रेणू भिजवून पाहिले, आणि त्यांतले सत्तरेक नेमके कुठे चिकटतात ते काही आठवड्यांत दिसले. त्यासाठी एकसारखे शेकडो स्फटिक हवे होते, आणि ते रोबोशिवाय झालेच नसते.

यंत्राच्या काळात परत आलेली एक जुनी युक्ती मला विशेष प्रिय आहे. दुधाला विरजण लावावे तसे एका थेंबातले बारीक, निरुपयोगी स्फटिक चुरडून त्याचे कण नव्या थेंबांत सोडायचे. बीज तयारच मिळाल्याने प्रथिनाला त्या अवघड पहिल्या पायरीतून जावे लागत नाही. २००४ मध्ये आयर्टन आणि स्टॉडर्ड यांनी हे बीज सगळ्या स्क्रीनभर, वेगळ्याच द्रावणांतही, सोडून पाहिले. २००७ मध्ये दार्सी आणि सहकाऱ्यांनी ते काम रोबोला दिले. ज्या द्रावणाकडे कुणी पाहिले नसते, तिथे नीटस स्फटिक आले.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. नागपूरचे शेखर मांडे बंगळूरला एम. विजयन यांच्या गटात होते, आणि शेंगदाण्यातल्या लेक्टिनची रचना उलगडणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. ते काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत भारतात सोडवलेल्या पहिल्या काही प्रथिन-रचनांत त्याची गणना होते. चार उपघटकांची त्यातली मांडणी तोवर कुठल्याही प्रथिनात दिसली नव्हती. मांडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक आणि नंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलीन व्ही ॲसिलेजची रचना इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गटाबरोबर १९९९ मध्ये मांडली. प्रतिजैविकांच्या उद्योगाला लागणारा हा विकर. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर यांच्या गटाने एचआयव्हीच्या प्रोटिएजवर वर्षानुवर्षे काम केले. २००६ मध्ये त्यांनी स्फटिकाच्या आतच विकराला त्याचे काम करू दिले आणि तुटलेल्या तुकड्यांसकट त्याचे चित्र घेतले. त्या शोधनिबंधात परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचाही वाटा होता. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठीची किरणवाहिनी भाभा केंद्राने उभारली, त्यामुळे प्रत्येक स्फटिकासाठी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनची वाट धरावी लागत नाही. आयआयटी मुंबई, पुण्याची आयसर आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र इथेही स्फटिकांचे काम चालते.

म्हणजे हात आहेत, डोळे आहेत, किरणही आहेत. तुटलेला आहे तो यांना इथल्या सापांच्या विषाशी जोडणारा धागा. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुळा या साप पकडणाऱ्या आदिवासी जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक वेगळे असते, हे भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने देशभरच्या नमुन्यांवर दाखवून दिले आहे. शहापूरच्या घोणशीत कोणती प्रथिने किती आहेत आणि तमिळनाडूच्या घोणशीपेक्षा ती कुठे वेगळी आहेत, हा प्रश्न म्हणूनच इथल्या माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे. सापांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने विष काढायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण परवानगीने मिळालेला प्रत्येक मिलिग्रॅम मग इतका मोलाचा ठरतो की तो हाताने टांगलेल्या थेंबांत उधळणे परवडणार नाही.

आणखी एक उणीव जगभरची आहे. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाली. आज तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. प्रत्येक स्फटिक-रचनेबरोबर स्फटिक कशात वाढला हे लिहायची जागा आहे, पण ती मोकळ्या मजकुराची. कुणी नीट लिहितो, कुणी अर्धे, कुणी काहीच नाही. आणि जे हजारो थेंब फसले, त्यांना तर जागाच नाही. यंत्राला शिकवायचे तर नकारही लागतात. कुठल्या द्रावणात गाळ झाला, कुठल्यात तीन महिने काहीच घडले नाही, ही माहिती प्रत्येक प्रयोगशाळेच्या वहीत आणि संगणकात पडून आहे, आणि विद्यार्थी पीएचडी करून गेला की तीही जाते. रोबोवर खर्च करणाऱ्या संस्थेने या नोंदींवर त्याचा अंश खर्च केला, तर पुढच्या दहा वर्षांत अधिक मिळेल, असे माझे ठाम मत आहे.

या साऱ्याचा दंशाच्या उपचाराशी संबंध दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. व्हॅरेस्प्लॅडिब हा रेणू मुळात माणसाच्याच शरीरातल्या फॉस्फोलायपेज ए-२ विरुद्ध, त्याच्या स्फटिक-रचनेवरून, १९९० च्या दशकात घडवला गेला. सापाच्या विषातला विकर त्याच कुळातला, म्हणून तो तिथेही बसतो असे पुढे दिसले, आणि त्याच्या तोंडाने घ्यायच्या रूपाची भारतात आणि अमेरिकेत सर्पदंशाच्या रुग्णांवर चाचणी झाली. असे तोंडाने घ्यायचे औषध उपयोगी ठरले तर पाड्यावरून शहापूरच्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेवरचा वेळ वाया जाणार नाही. २०२५ च्या जानेवारीत डेव्हिड बेकर यांच्या गटाने नागाच्या कुळातल्या तीन-बोटी विषप्रथिनांना अडवणारी, संगणकावर आखलेली नवी प्रथिने प्रसिद्ध केली. या नव्या प्रथिनांनी उंदरांना वाचवले, आणि आखणी बरोबर उतरली हे स्फटिक-रचनांनीच दाखवले. नागाची ही प्रथिने लहान आणि ताठ आहेत, म्हणून ती आधी साधली. घोणशीची आणि फुरशाची रक्त बिघडवणारी मेटॅलोप्रोटिएजे मोठी आहेत, अनेक भागांची आहेत, त्यांवर साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, आणि ती स्वतःलाच तोडतात. स्फटिक होण्याच्या दृष्टीने याहून अवघड माल क्वचितच असेल. सह्याद्रीतल्या सापांच्या या प्रथिनांसाठी शंभर नॅनोलिटरचे थेंब, विरजणासारखे बीज, सामायिक केंद्रातल्या प्लेट आणि फसलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद हे सगळे एकत्र लागणार आहे. सुरुवात घोणशीच्या विषातल्या, रक्त गोठवणाऱ्या घटक-दहाला चेतवणाऱ्या मेटॅलोप्रोटिएजपासून करावी. त्याने रक्त गोठवणारे घटक आधीच खर्ची पडतात, आणि दंशानंतर रक्त गोठायचे थांबते त्यामागे त्याचाच मोठा हात असतो.